साफसफाईचा धडा

१२ जानेवारी

प्रिय दादा,

फोनवर तू इतका हसलास की पुढचं बोलताच आलं नाही, म्हणून लिहिते. शिवाय तुझा फोन आला की आई शेजारी येऊन बसते, आणि तिच्यादेखत तिच्याबद्दल बोलायला मला जमत नाही.

हो, मला खरंच शिकायचं आहे. मेंदूतला कुठला भाग कुठल्या भागाशी जोडलेला आहे, ते जाळं कसं मोजतात, कसं काढतात, सगळं. "पाइप मोजणारी बाई आता मेंदू मोजणार!" म्हणालास. अरे, पाणीपुरवठ्याच्या खात्यात इतकी वर्षं मी दुसरं काय केलं? टाक्या, झडपा, वाहिन्या. एका गल्लीत दाब पडला की खोट भलत्याच चौकात सापडते. गणिताची मला भीती नाही, संगणकावर आज्ञावली लिहिता येते. शरीरशास्त्रात मात्र मी ढ आहे. तेव्हा कुठून सुरुवात करू, कुठले धडे बघू, कुठले सोडू, एवढं सांग. वर्गातल्या बाकीच्या मुलांना शिकवतोस तसंच मला शिकव. छडी चालेल.

कशासाठी, असं विचारलंस. खरं सांगू? तू पाठवलेलं ते चित्र मी आईच्या कपाटावर लावलंय. डावीकडे तू बनवलेला स्मरणशक्तीचा सराव सुरू करण्याआधीचा तिचा मेंदू, लहान लहान गुंत्यांचा. उजवीकडे नंतरचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब झळझळीत रेघांचा. "तारा पुन्हा जुळल्या," असं तू म्हणालास तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. आनंदाने.

परवा ते चित्र मी इथल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "घरी कशा आहेत?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. पण दादा, आदल्याच दिवशी आईने न्हाणीघराच्या आतून दार वाजवलं आणि "येऊ का आत?" असं विचारलं होतं. ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

चित्र सुधारतंय आणि आई सुधारताना दिसत नाही, म्हणजे चित्र कसं वाचायचं तेच मला कळत नसणार. म्हणून शिकायचं आहे.

आईचा टॅबवरचा सराव रोज दुपारी चालू आहे. एकही दिवस चुकवलेला नाही. तिच्या शिवणवर्गातल्या बायका अजून विचारतात, बाई कधी येणार म्हणून. मी सांगते, बरं वाटलं की येतील.

तुझी,
धाकटी


५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

धड्यांची यादी मिळाली. तू क्रम लावून दिलास ते फार बरं झालं, नाहीतर मी त्या जंगलात हरवलेच असते. एका विद्यापीठातल्या बाई शिकवतात, आवाज खणखणीत, फळ्यावर अक्षर मोत्यासारखं. मी ऑफिसातून आले की त्यांच्यासमोर वही घेऊन बसते. आईसुद्धा मागे खुर्ची टाकून बसते आणि मधूनच म्हणते, "बाई छान सांगतायत हं."

आतापर्यंत मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते, चुकलं तर कान धर. मेंदूचे आधी काही शे भाग पाडायचे. माणूस यंत्रात नुसता पडून असतो, तेव्हा प्रत्येक भागातल्या रक्ताच्या प्राणवायूचा चढउतार टिपायचा. मग दोन-दोन भाग घेऊन बघायचं की त्यांचे चढउतार एकाच तालात होतात का. होत असतील तर ते जोडलेले आहेत असं धरायचं. त्या सगळ्या जोड्यांचा मोठा चौकटींचा तक्ता करायचा, आणि त्या तक्त्याचं जाळं.

इथे मी थांबले. कारण दादा, दोन नळांचा दाब एकाच वेळी वाढला म्हणून त्यांच्यामध्ये वाहिनी असतेच असं नाही. दोघांच्या मागे एकच पंप असू शकतो. पुढच्याच धड्यात बाईंनी हेच सांगितलं तेव्हा मी आईला टाळी दिली. तिने पण दिली, का ते न विचारता.

आणि तो उंबरठा! किती ताल जुळला म्हणजे जोडणी म्हणायचं, ते आपणच ठरवायचं. उंबरठा जरा खाली घेतला की सगळं गाव एकमेकांचं सोयरं होतं, वर घेतला की सगळे एकेकटे. सरावासाठी दिलेल्या माहितीवर मी रविवारी हाच खेळ केला. एकाच मेंदूची पाच वेगवेगळी चित्रं निघाली, आणि पाचही देखणी. तू आईच्या चित्रात उंबरठा कुठे ठेवला होतास? नुसतं कुतूहल.

यादीत तू एका धड्यापुढे लिहिलंयस, "साफसफाई. कंटाळवाणा आहे, आत्ता सोड. आमच्याकडे हे काम यंत्रच करतं." बरं, सोडला. गुरूची आज्ञा.

आता एक मागणं. परक्यांचे मेंदू पुरे झाले. आईचे ते दोन्ही स्कॅन मला पाठव ना. आईच्याच मेंदूवर हात बसला तर कंटाळा कसा येईल?

आई परवा मला "ताई" म्हणाली. मग स्वतःच हसली. मीही हसले.

तुझी धाकटी


३ मार्च

दादा,

"नियमाप्रमाणे रुग्णाची माहिती बाहेर देता येत नाही." हे तू मला लिहिलंस. आईच्या बाबतीत. मी दोनदा वाचलं, कुणा दुसऱ्याचं उत्तर चुकून मला आलं की काय म्हणून.

स्कॅन जिथे काढले ते केंद्र आमच्या घरापासून दोन थांब्यांवर आहे. मी आईला घेऊन गेले. तिने अर्जावर सही केली, अजून सही छान करते, आणि त्यांनी तिच्या स्कॅनची प्रत तिच्या हातात दिली. तिची गोष्ट तिला मिळाली. त्यात कुठलाच नियम मोडला नाही.

यंत्रावर बसणाऱ्या ताई आईला ओळखतात. म्हणाल्या, "आजी, या वेळी हलायचं नाही हं!" मी विचारलं, आई हलली होती का? "अहो, पहिल्या वेळी केवढ्या! घाबरल्या होत्या बिचाऱ्या. त्या आवाजाने सारखी मान वळवायच्या. मी डॉक्टरांना, तुमच्या भावाला म्हटलं, वाया गेलाय, पुन्हा काढू. ते म्हणाले, चालेल." मग म्हणाल्या, "दुसऱ्या वेळी मात्र अगदी शहाण्या मुलीसारख्या. गाढ झोपल्याच होत्या."

घरी येऊन मी तू सोडायला सांगितलेला धडा उघडला.

तो कंटाळवाणा नाही, दादा. बाई सुरुवातीलाच सांगतात की बाकी सगळं विसरलात तरी हा धडा विसरू नका. यंत्रात डोकं केसभर हललं तरी खोट्या जोडण्या तयार होतात. शेजारशेजारचे भाग फार जुळलेले दिसतात आणि लांबच्या रेघा तुटतात. म्हणजे लहान लहान गुंते. म्हणजे कपाटावरच्या चित्राची डावी बाजू.

मग मी आईच्या पहिल्या स्कॅनमधली हालचाल काढली. ती आलेखाची रेघ बघून मला तिची मान दिसली, इकडे तिकडे बघणारी. तिने हाक मारली असेल का आतून, हेही मनात आलं. धड्यात सांगितल्याप्रमाणे हललेले क्षण बाजूला काढले, तर हाताशी जवळजवळ काही उरलंच नाही. दुसऱ्या स्कॅनमधली रेघ मात्र सपाट, साठलेल्या पाण्यासारखी. दोघांची तुलनाच होत नाही. जे उरलं त्याचं जाळं मी सगळे उंबरठे लावून काढलं. तुझ्या त्या लांब झळझळीत रेघांमध्ये नवं असं काही सापडेना.

मी नवशिकी आहे. म्हणून कुणाचा स्कॅन ते न सांगता त्या बाईंनाच विचारलं. त्यांचं उत्तर आलं, "पहिल्या स्कॅनवरून कुठलाही निष्कर्ष काढू नये. दुसऱ्यात माणूस झोपेत होता का, हे तपासा. झोपेत आणि गुंगीत जाळं वेगळंच दिसतं."

तेव्हा विचारते. दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी मी गाडी लावायला गेले होते आणि तू आईला घेऊन पुढे गेलास. संध्याकाळी तिचे पाय लटपटत होते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती उठली नाही. तू म्हणालास, दमली आहे. तू तिला काही दिलं होतंस का?

माझ्याकडून चूक झाली असेल तर सांग. मला चूक झालेली हवी आहे.

धाकटी


११ मार्च

डॉक्टरसाहेब,

काल फोनवर तुम्ही जे बोललात ते मी इथे पुन्हा लिहिते, म्हणजे नंतर "मी असं म्हणालो नव्हतो" असं व्हायला नको.

"एक गोळी तर दिली. तिचा त्रास वाचवला."

"पहिला स्कॅन खराब होता हे मलाही माहीत होतं, पण तोच एक होता."

"तू दोन महिने शिकलीस आणि मला शिकवतेस?"

आणि शेवटी, आवाज मऊ करून, "अगं, निष्कर्ष बरोबरच आहे, पुरावा जरा कमी आहे इतकंच."

यातलं तिसरं मला मान्य आहे. मी दोन महिनेच शिकले. पण दोन महिने शिकलेल्या माणसाला जे कळतं ते तुला वीस वर्षांत कळलं नाही, असं तूच मला सांगतोयस का? नाही ना? तुला कळलं होतं. म्हणून तर तो एक धडा सोडायला लावलास. मी यादी परत काढून बघितली. एवढ्या मोठ्या यादीत तू फक्त त्या एकाच धड्यापुढे "सोड" लिहिलंस. चूक कुणाच्याही हातून होते, दादा. पण मी विश्वासाने तुझं बोट धरलं आणि तू मला नेमकं त्याच दरवाजाला वळसा घालून नेलंस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडू कुणाकडे?

आता तू ऐक. तुला चित्र काढायचं होतं, त्याचं मोल इथे काय गेलं ते.

आई तेव्हा रोज दुपारी शिवणवर्गात जायची. वर्ग चालवायची तिची जुनी विद्यार्थिनी, पण बाई आईच. ती कापायला विसरायची, मापं विसरायची, पण काजं करायला दिली की हात आपोआप चालायचे. बायका गप्पा मारायच्या, ती मधूनच काहीतरी असंबद्ध बोलायची आणि सगळ्या हसायच्या, तिच्यासकट. तू म्हणालास, त्या कामाने मेंदूला काही आव्हान मिळत नाही. सकाळचा थोडा सराव पुरत नाही, तोच वेळ टॅबला दे. ती आधी नको म्हणाली. मग तू ते चित्र पाठवलंस, आणि मी तिला म्हटलं, "आई, बघ, दादाने दाखवलंय, तुला बरं वाटतंय." ती चित्राकडे बघून म्हणाली, "मला तर नाही वाटत." मी चित्रावर विश्वास ठेवला. तिच्यावर नाही.

सव्वा वर्ष ती त्या टॅबसमोर बसली. शेवटच्या ज्या दुपारी तिला सुई धरता येत होती, त्या सगळ्या तिथे गेल्या. आता येत नाही. परवा मी तिच्या हातात कापड दिलं तर तिने ते नीट घडी घालून मला परत दिलं.

तुझ्या नव्या केंद्राच्या भिंतीवर आईच्या मेंदूचं मोठं चित्र लागणार आहे म्हणे. उद्घाटनासाठी तिसरा स्कॅन हवा, तिचं दोन वाक्यांचं चित्रीकरण हवं. दोन्ही मिळणार नाहीत. आणि तुझ्या अभ्यासात बाकीचे म्हातारे आहेत त्यांचं काय? त्यांचीही डोकी अशीच हलली होती का? त्यांच्या घरीही कुणी धाकटी आहे का, दुपारी म्हाताऱ्यांना टॅबसमोर बसवून दार लावून घेणारी?

तू स्वतः तुझ्या संस्थेला सांग. नाहीतर मी सांगेन.


२० एप्रिल

दादा,

तू सांगितलं नाहीस. मी वाट बघितली आणि मग सांगितलं.

तुझं पत्र आलं, पहिल्यांदाच हाताने लिहिलेलं. अक्षर अजून बाबांसारखंच आहे. त्यात तू म्हटलंयस की मी एक वाक्य बोलले तर सगळं निभावेल. गोळीचं घरच्यांना माहीत होतं, एवढंच. मग ती फसवणूक उरत नाही, नोंदीतली गफलत ठरते. "तू माझी बहीण आहेस," असं लिहून तू खाली रेघ मारलीस. रेघ मारायची गरज नव्हती. मी विसरले असते तर या गोष्टीचा एवढा त्रास झालाच नसता.

संस्थेच्या चौकशी समितीने मला पडद्यावरून बोलावलं. तिघं होते. वयस्कर बाई मुख्य होत्या, त्यांनी आधी आईची चौकशी केली. मग विचारलं, "दुसऱ्या स्कॅनआधी तुमच्या आईंना गुंगीचं औषध दिलं, हे तुम्हाला किंवा त्यांना माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही."

पाणी प्यायले. त्यांनी पुढे विचारलं, "तुमच्या भावाचा हेतू काय होता असं तुम्हाला वाटतं? आईंना बरं करायचा होता?"

इथे मला तुझ्याविरुद्ध बोलता आलं असतं. कुणी अडवलं नसतं. पण मला आठवलं, आई पहिल्यांदा घरचा रस्ता चुकली तेव्हा तू तिकडून फोनवर ढसाढसा रडला होतास आणि म्हणाला होतास, मी याच्यावर काहीतरी शोधीन. मी म्हटलं, "हो. सुरुवातीला होता."

"आणि नंतर?"

"नंतर त्याला आई नको होती. सुधारलेली आई हवी होती."

बाईंनी लिहून घेतलं. बाकीच्या दोघांनी खाली बघितलं. मी पडदा बंद केला. तुला वाटत असेल मी जिंकले. तुझी शपथ, तसं एक क्षणही वाटलं नाही.

पत्रात तू असंही विचारलंयस की मी हे शिकणं तुला पाडायलाच सुरू केलं का. नाही रे. मला तुझं चित्र वाचायचं होतं. तुझ्या शेजारी बसून, तुझ्यासारखं.


१ जून

दादा,

संस्थेचं पत्र इथेही आलं. अभ्यास थांबवला, बाकीच्यांचे स्कॅन दुसऱ्याच लोकांकडून तपासणार, उद्घाटन रद्द. तुझ्याबद्दल जे लिहिलंय ते मी इथे उतरवत नाही. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

तू दोन महिने फोन केला नाहीस. मी कशासाठी लिहितेय मग? एक गोष्ट मी तुला आजवर सांगितली नव्हती. आधी वाटायचं, तुला लागेल. मग राग होता, तेव्हा वाटलं, तू ती ऐकण्याच्या लायकीचा नाहीस. आता सांगते.

टॅबवरच्या सरावात तू स्वतःचाच आवाज भरला होतास. आपल्या माणसाचा आवाज असला की लक्ष लागतं, असं म्हणाला होतास. पण तो सगळ्याच रुग्णांसाठी होता, म्हणून अहो-जाहो केलंस, आवाज जरा जाड केलास. "बरोबर. पुढे चला." "चूक. पुन्हा करा." आईने तो आवाज कधीच ओळखला नाही. पहिल्या आठवड्यात मी सांगायचे, अगं, हा दादा आहे. ती म्हणायची, काहीतरीच काय, दादा असा बोलतो का? मग तिने त्याला मास्तर म्हणायला सुरुवात केली. शेवटी शेवटी "पुढे चला" क्वचितच यायचं. "चूक. पुन्हा करा," हेच सारखं. ती ओठ घट्ट मिटून पुन्हा करायची. डोळे भरले की पदराने नाही, मनगटाने पुसायची, लहान मुलीसारखे, मास्तरांना दिसू नये म्हणून.

टॅब मी मार्चमध्येच काढून ठेवला. शिवणवर्गातही नेलं तिला. सगळ्या उठून उभ्या राहिल्या. त्यांनी तिच्यापुढे बटणांचा डबा ठेवला, तिने थोडी बटणं रंगाप्रमाणे लावली, मग एकदम उठली आणि म्हणाली, "मला जायला हवं. उशीर होईल."

कारण दुपार झाली की ती अजूनही त्याच टेबलाशी येऊन बसते. केस सारखे करते, हात मांडीवर ठेवते आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत थांबते. माझं नाव तिला रोज आठवत नाही. ही वेळ आठवते. तुझ्या सरावाने तिच्या मेंदूत एखादी नवी जोडणी झालीच असेल तर ती ही, आणि ती बघायला मला यंत्र लागत नाही.

मी आता रोज तिच्याजवळ बसते आणि सांगते, "आई, आज सुट्टी आहे."

"हो? मास्तरांनी दिली?"

"हो."

"रागावले नाहीत ना?"

"नाही गं."

रोज तिला तितकाच आनंद होतो.

काल मात्र ती उठली नाही. टेबलावर बोट फिरवत बसली आणि म्हणाली, "मास्तर तसे वाईट नाहीत हं. एकटे असतील. आई आहे का गं त्यांना?"

मी म्हटलं, "आहे."

"मग बरं," ती म्हणाली. "तिच्याशी तरी गोड बोलत असतील."